पुसलेली विद्या

डोंगा धरणाच्या मध्यावर आला तसं रूपचंदने डोंग्याची कड घट्ट धरली. सकाळीच विद्यापीठात सरकारी खर्चाने त्याच्या मेंदूत पवनचक्की दुरुस्तीची विद्या भरली होती. नवी विद्या बसवायची तर जुनी एक पुसावी लागे. फॉर्मवर त्याने बेधडक 'पोहणे' लिहिलं होतं. पवनचक्कीवर कशाला लागतंय पोहणं!

बापाने वल्हं थांबवलं. मासेमारीवर जगणाऱ्या या ढिवराच्या घरची रीतच होती, चांगली बातमी आणणाऱ्याने इथून पोहतच घर गाठायचं. काठावर आई ओवाळायला उभी होती.

"बाबा, मला पोहता..."

"आता साहेबाला पोहायलाही शिकवू काय?" बाप हसला आणि त्याने लेकाला लाडाने ढकललं.

पाण्यात आदळेपर्यंत रूपचंदला पवनचक्कीचा एकेक नट लख्ख आठवत होता.