चटका
शिवलीलाच्या हाताला तवा भाजत नाही, असं जोडभावी पेठेतल्या बायका कौतुकानं सांगायच्या. कडक भाकऱ्यांच्या ऑर्डरी वाढल्यापासून ती फडकं न घेता तळहातानंच भाकरी तव्यावर दाबायची. तेवढाच वेळ वाचायचा. आज आतून लेकीची हाक आली, "आई, लई थंडी वाजायलीय." तिनं उठून पोरीच्या कपाळावर तळहात टेकवला. "गारच हाय की. शाळा बुडवायचीय व्हय?" म्हणत ती तव्यापाशी परतली. शेजारची दाक्षायणी पीठ मागायला आलेली. पीठ घ्यायला आत गेली, तर पोरीला हात लागताच दचकली. "अगं, पोर तापानं फणफणलीय की." शिवलीला धावत आत आली. तिनं पुन्हा तळहात ठेवला, काही कळेना. वाकून गाल टेकवला, तेव्हा चटका बसला. ऑर्डरवाल्याचा फोन वाजत होता. तापल्या तव्यावर पाणी ओतू नये, तवा तडकतो, हे लेकीला तीच बजावायची. तिनं भरला तांब्या तव्यावर उपडा केला.