दोरीवरचा मास्क

"मास्क धुवायला ओझोनचं मशीन काहून नाही घेत? सगळे जंतू मरतात म्हणे," सासूबाई म्हणाल्या.

"घरात तान्हं बाळ आहे, आई, तो वायू नको. कोमट पाणी अन् साबण, बस." अवंतिकानं विषय संपवला.

झोपेत नवऱ्याचा, सौमित्रचा, श्वास अडकायचा, म्हणून मास्कमधून हवा देणाऱ्या सीपॅप यंत्राशिवाय झोपायची त्याला मनाई होती. तो फॅक्टरीतून येईपर्यंत मास्क वाळायला हवा होता. नळीपासून सोडवून तिनं तो सावलीत दोरीवर अडकवला.

थोड्या वेळानं पाहिलं, तर मास्क आतून धुकटला होता. तिनं पुसला. तो पुन्हा धुकटला, पुन्हा निवळला, गाढ झोपलेल्या माणसाच्या लयीत.

सासूबाईंनी बाळाला छातीशी धरलं. "फेकून दे तो."

"फेकू अन् सौमित्रला काय लावू?"

तिनं मास्क परत साबणानं घासला. हातातच त्यात धुकं येत-जात राहिलं.

"त्याच्या तोंडावर बसायचंय ना तुला? चल, आधी माझ्याशी गाठ आहे."

तिनं मास्क स्वतःच्या नाकातोंडावर घट्ट दाबला आणि श्वास रोखून धरला.

मास्क धुकटला. तिच्या मिटलेल्या ओठांना कुणाचा तरी ऊन श्वास लागला.

तिनं हात ढिला केला नाही.