खिडकीपर्यंत

गेल्या वर्षी घनसावंगीच्या रस्त्यावर जीप उलटली आणि माझ्या सहा वर्षांच्या बेबीनंदाचा पाय अधू झाला. भरपाईच्या दाव्यासाठी आज जीपच्या विमा कंपनीचे डॉक्टर तिला तपासणार होते. आमच्या वकिलांनी मला बजावलं होतं, "बाई, तुम्ही मधे बिलकुल बोलायचं न्हाई."

"बेटा, त्या खिडकीपर्यंत चालून दाखव," डॉक्टर म्हणाले.

ओठ दाताखाली धरून ती चालली. टाच नीट टेकवत, कंबर जराही न हलवता.

डॉक्टरांनी लिहिलं, 'चालण्यात दोष आढळला नाही.'

बेबी येऊन मला बिलगली. "आई, बराबर चालले ना? लंगडले न्हाई ना?"

उद्या मोठी झाल्यावर पाहुणे बघायला आले तर कुणाला कळू नये, म्हणून वर्षभर रोज अंगणात मीच तिला तसं चालायला शिकवलं होतं.