मटणाचं आमंत्रण

तिसरी भाकरी संपली, तरी आबांच्या तोंडून विषय निघेना. समोर गोलकीपर रंगराव खाली मान घालून जेवत होता.

कोल्हापुरातल्या त्या तालमीच्या फुटबॉल संघाची रीतच होती. हंगाम संपल्यावर मॅनेजर आबांनी घरी मटणाला बोलावलं, की खेळाडूनं समजायचं, पुढच्या हंगामाला आपण नाही. मे महिन्यात आबा समोरून येताना दिसले की भलेभले फॉरवर्ड शाकाहारी व्हायचे. रंगराव मात्र मुकाट्यानं आला होता. मिशी फुटायच्या आधीपासून आबांचा गोल राखणारा गडी तो.

शेवटी तोच म्हणाला, "आबा, सांगून टाका की. किती जेवू घालताय? नवा गोलकीपर कोण?"

"पलीकडच्या पेठेतलं पोरगं आणावं म्हणतोय."

"चांगलं हाय. डाव्या अंगाला जरा कच्चं हाय, पण मी तयार करतो की त्याला."

आबांनी घाईघाईनं डोळे पुसले. "रस्सा लई तिखट झालाय आज."

"अहो, तुमच्या वाटीत पांढरा हाय," काकूंनी स्वयंपाकघरातून सांगितलं.

रंगरावनं आपल्या वाटीतला तांबडा आबांच्या वाटीत ओतला.