वयाचा पुरावा

आधार कार्डावर बेंबळीच्या नागूबाईंचं वय साठ आहे आणि त्यांच्या थोरल्या मुलाचं चोपन्न. म्हातारपणाचा सरकारी पगार पासष्टीला सुरू होतो आणि त्यांच्या जन्माची नोंद कुठंच नाही.

गावच्या माळावर संशोधनासाठी आलेल्या करिश्मा मॅडमनी एका लांडग्याचं रक्त तपासलं. मला समजलं ते एवढंच, की वयाबरोबर गुणसूत्रांची टोकं झिजत जातात. ती झीज मोजून मॅडमनी लांडगा सुमारे अकरा वर्षांचा, म्हणजे पार म्हातारा, असं शिक्का मारून लिहून दिलं. त्या कागदाची झेरॉक्स घेऊन नागूबाई कचेरीत गेल्या.

"सायेब, माझंबी असंच रगत घ्या आन् वय काढा."

कारकुनानं कागद दोनदा वाचला.

"आजी, पुरावा एकदम पक्का हाय. पण लांडग्याचा हाय. माणसाला अशी सोय न्हाय."

नागूबाईंनी कागद परत त्याच्यापुढं सरकवला.

 

"मग पगार त्यालाच सुरू करा. माझी शेरडं तरी वाचतील."