ठरलेले चार दिवस

“सोये हुए को जगा सकते हैं, बहन,” डॉक्टर लाहिरी यंत्राचं बटण बंद करत म्हणाले. “यहाँ कोई सोया नहीं है। अब मत आइए।”

नर्सनं कालिंदीच्या कंबरेवरच्या ओल्या पट्ट्या काढल्या. ही बारावी खेप होती. एकतिसाव्या वर्षीच तिची पाळी थांबली होती. अंडाशयाला विजेचा हलका प्रवाह दिला तर ते पुन्हा कामाला लागेल, अशी डॉक्टरांना आशा होती. आशा डॉक्टरांची, चटके कालिंदीचे. बहात्तर सालचा डिसेंबर होता. बालीगंजहून ती ट्रामनं एकटीच घरी निघाली.

नवरा, दिगंबर, खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समध्ये होता. जहाज लागलं की त्याला रजा नाही. आता काही उपाय उरला नाही, हे त्याला रात्री सांगावं लागणार होतं. सासूबाईंना तर या प्रकरणाचा पत्ताच नव्हता. सून कंबरदुखीवर शेक घ्यायला जाते, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांना संशय येऊ नये म्हणून नवरा-बायकोनं मिळून तोडगा काढला होता. दर महिन्याच्या पाच तारखेला कालिंदी बाजूला बसायची. चार दिवस मागची खोली, चटई, वेगळं ताट, देवाला शिवायचं नाही. सोवळ्याच्या घरात एवढं नाटक पुरतं.

घरी पोचली तर बाहेरची खोली बायकांनी भरलेली. शेजारच्या लीनाचं डोहाळजेवण होतं. तिचं माहेर पडलं साताऱ्याला, म्हणून सासूबाईंनी हौसेनं आपल्याकडे घातलं होतं. फुलांचे दागिने लेवून लीना पाटावर बसली होती.

“आलीस? हातपाय धू आणि पहिलं तूच ओवाळ हिला,” सासूबाई म्हणाल्या. “हिच्या पाठोपाठ तुझंच करायचंय.”

कालिंदीला ते सोसवेना. “मला शिवू नका,” एवढंच म्हणून ती मागच्या खोलीत गेली आणि चटईवर बसली. रडली मात्र नाही. बाहेर गाणी चालली होती.

संध्याकाळी दिगंबर आला. स्वयंपाकघरातून सासूबाई करवादल्या, “ऐन समारंभात बसली बाई बाजूला! पंधरा दिवसही झाले नाहीत मागचे!”

दिगंबर जागच्या जागी थांबला. आज एकोणीस तारीख. ही काही त्यांची ठरलेली तारीख नव्हती. बूटही न काढता तो मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी आला. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण त्याच्या डोळ्यांत पाणी कालिंदी आज पहिल्यांदा पाहत होती.

“कालिंदी, खरंच?” तो हळूच म्हणाला. “गुण आला?”

खरं सांगायचं म्हणून तिनं मान वर केली. तो लहान मुलासारखा हसत होता. तिचा धीर झाला नाही.

“हो,” ती म्हणाली.

आजवर सासूबाईंना फसवायला निदान दिगंबर तिच्या जोडीला होता.