अडलेला शब्द

मोहल्ल्यात आईचा भाजीचा गाडा अजून बाबांच्याच आवाजावर फिरतो. बाबा बोलताना अडखळायचे आणि अडलेला शब्द आईच पुरा करायची. म्हणून गाड्यावरच्या भोंग्यासाठी त्यांनी “मेथी घ्या, पालक घ्या” चाळीसदा रेकॉर्ड केलं, न अडखळलेलं एकच ठेवलं, बाकी पुसलं. आता बाबा नाहीत. तीच हाक मी लॅपटॉपवर घेते, काळ्या स्क्रीनवर एकेक कमांड लिहून तिचे तुकडे उलटसुलट जोडते, तुटक्या ठेक्याचं संगीत बनवते. आज पहिलंच अक्षर तोडून पुन्हापुन्हा जोडलं. स्पीकर बोलला, “मे… मे… मे…” दारात रिकामी टोपली घेऊन आई उभी होती. बाबांच्या अडखळण्याची नक्कल केल्यासारखं वाटून मी घाईने आवाज थांबवला. “बंद काऊन केलं वं? गाड्यावरचा आवाज मले परकाच वाटते. पुन्हा लाव.” मी एंटर दाबलं. “मे… मे… मे…” “मेथी,” आई म्हणाली.